खडकावरची पिवळी माती

१

त्या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर एकशे शहाऐंशी किलोमीटर होतं. अलीकडच्या विमानतळाच्या प्रतीक्षालयात भिंतभर नकाशा रंगवला होता. त्यावर एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत सरळ लाल रेघ ओढून वर हा आकडा लिहिलेला होता. रस्त्याने जायचं तर डोंगरांना मोठा वळसा, दोन दिवसांचा प्रवास आणि हाडं खिळखिळी. विमानाने जेमतेम पाऊण तास. त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांची सगळी भिस्त त्या एका लहानशा विमानावर होती. त्याला कोणी विमान म्हणतही नसे. गाडी आली का, गाडी सुटली का, असंच सगळे विचारायचे.

गाडी सकाळी पलीकडे जाई आणि दुपार कलता कलता परत येई. दोन इंजिनं, वर पंख, आणि चाकं कायम खाली लोंबणारी. ती आत ओढून घ्यायची सोय त्या जातीच्या विमानात नसते. तिची सगळी देखभाल इंजिनियरकडे होती. माणूस शांत, जरा घुम्या म्हणावा असा. गाडी येऊन थांबली, प्रवासी उतरले की तो तिच्याभोवती एक फेरी मारायचा. नाकावर तळहात ठेवायचा, पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवायचा, मग वाकून चाकं बघायचा. इतक्या वर्षांत या क्रमात बदल झाला नव्हता.

त्या दुपारी तो चाकाशी वाकला आणि तसाच राहिला. टायरच्या खाचांत माती बसली होती. पिवळी, चिकट आणि ओली. बोटाने काढली तर लोण्यासारखी वर आली.

पाऊस होऊन कित्येक महिने लोटले होते. दोन्हीकडच्या धावपट्ट्या डांबरी. इथली जमीन मुरमाड, पलीकडे समुद्राकाठची वाळू, आणि मधे नुसता काळा उघडा खडक. तिथे गवताची काडी उगवत नव्हती.

कॅप्टन टोपी काखेत मारून जिन्यावरून उतरत होता. दोघांची जुनी दोस्ती. शेतात उतरवलीस की काय गाडी, असं इंजिनियरने विचारलं. कॅप्टन हसला आणि म्हणाला, हो, जाता जाता जरा नांगरणी आटपून आलो. मग दोघेही हसले. इंजिनियरने पाण्याचा पाइप लावून चाकं धुऊन काढली आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी चाकांना पुन्हा माती होती.

२

त्याने पलीकडच्या विमानतळावर इंधन भरणाऱ्या माणसाला फोन केला. तुमच्याकडे कुठे खोदकाम चाललंय का, धावपट्टीवर चिखल येतोय का, अशी चौकशी केली.  पलीकडचा माणूस म्हणाला, मी तर तुम्हालाच विचारणार होतो. सकाळी गाडी इथे येते तेव्हाच तिची चाकं भरलेली असतात, मी रोज धुतो. इंजिनियरने फोन ठेवला. म्हणजे जातानाही माती आणि येतानाही माती.

आता तो डोळ्यांत तेल घालून बघू लागला, तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. गाडी इंधन जास्त पीत होती. थोडंथोडकं नव्हे, आणखी बराच पल्ला मारून आल्यासारखं. त्याने टाक्या तपासल्या, नळ्या तपासल्या, कुठे थेंबाचीही गळती नव्हती. चोरी म्हणावी तर इंजिनं किती वेळ फिरली हे मोजणारं मीटरही तेच सांगत होतं. कॅप्टनचं मनगटी घड्याळ, टॉवरमधलं घड्याळ, प्रवाशांची घड्याळं एकमताने म्हणत होती की पाऊण तास लागला. इंजिनं म्हणत होती, आम्ही त्याहून कितीतरी जास्त फिरलो. त्याने मीटर बदललं. नवं मीटरही जुन्याचीच री ओढू लागलं.

शेवटी त्याने कॅप्टनला हँगरमधे, गाडी ठेवायच्या शेडमधे, बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. कॅप्टनने ऐकून घेतलं.

"दोन विमानतळ काही रात्रीतून उठून लांब जात नाहीत," तो म्हणाला. "उडतो, सरळ जातो, उतरतो. मधे काय असणार? मधे नुसता खडक आहे रे."

हे बोलताना तो बोटांची टोकं पँटला चोळत होता. आपण ती चोळतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

३

इंजिनियरची बायको दातांची डॉक्टर होती. आठवड्यातून एकदा ती पलीकडच्या गावात दवाखाना चालवायला जायची. तिची आई तिकडेच राहायची, त्यामुळे दुपारचं जेवण आईकडे व्हायचं आणि मायलेकींच्या गप्पाही. बाई हातांच्या बाबतीत फार काटेकोर. नखं कायम मुळापर्यंत कापलेली, बोटं स्वच्छ. दुसऱ्याच्या तोंडात घालायचे हात आहेत बाबा हे, असं ती हसत म्हणायची.

त्या आठवड्यात ती परत आली आणि सरळ बेसिनपाशी गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. तो टॉवेल द्यायला म्हणून आत गेला तर ती ब्रशने नखं घासत होती आणि बेसिनमधून पिवळं पाणी जात होतं.

"हे काय?"

"आईच्या कुंड्यांत हात घातला असेन."

"असेन?"

"घातला असेन म्हणजे घातला. उलटतपासणी कसली चालवली आहेस?"

तिने टॉवेल ओढून घेतला. त्याने तिचा हात धरून उजेडात वळवला. बोटांची टोकं सोलवटली होती. दोन नखं आडवी तुटली होती. ती स्वतःच थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, कोणा पेशंटचा हात बघावा तशी. मग म्हणाली, हातमोज्यांची पावडर बदलली आहे, तिची ॲलर्जी असेल. आणि चहा टाकायला निघून गेली.

त्याने रात्री सासूबाईंना फोन करून सहज विचारलं. सासूबाई म्हणाल्या, कुंड्या कधीच देऊन टाकल्या, गुडघ्यांमुळे पाणी घालणं होत नव्हतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण बायकोला त्याने काही सांगितलं नाही. ती शेजारच्या खोलीत गाढ झोपली होती, दिवसभर राबलेल्या माणसासारखी, तोंड अर्धवट उघडं टाकून.

४

दुसऱ्या दिवसापासून गाडी आली की तो आधी चाकांकडे न बघता माणसांकडे बघू लागला.

पूर्वी लोक उतरायचे ते कलकलाट करत. कोणाची बॅग राहिलेली असायची, कोणाचे कान दुखत असायचे, कोणी कॅप्टनच्या नावाने खडे फोडायचा. आता सगळे गप्प उतरत होते. एकामागे एक, खांदे पाडून, मुठी अर्धवट मिटलेल्या. खाली आले की जो तो बोटं उघडमीट करत चालू लागायचा. विमा विकणारा एक गप्पिष्ट माणूस आठवड्यातून तीनदा ये-जा करायचा. त्याने इंजिनियरला नमस्कार केला तेव्हा त्याच्या पांढऱ्या बाहीच्या काठाला पिवळी रेघ होती.

गाडी आतून झाडणाऱ्या मावशी आजकाल दोन केरसुण्या वापरत होत्या. पायांची घाण पूर्वीही असायची, त्या म्हणाल्या, पण आता सीटच्या हातांवर असते, खिडकीवर असते, पट्ट्याच्या बकलावरही असते. आणि आणखी एक सांगितलं, जरा आवाज खाली करून. प्रवास करून आलेली माणसं अशी दिसत नाहीत. कामाची पाळी संपवून सुटलेली माणसं अशी दिसतात.

त्या प्रवाशांत एक शाळेच्या बाई होत्या. निवृत्तीला आलेल्या, बारीक चणीच्या. एके दिवशी सगळे खांदे पाडून उतरत असताना त्या ताठ उतरल्या. चेहरा शांत, निवांत. इंजिनियरने मुद्दाम त्यांची पिशवी धरली आणि हात बघितले. बोटं स्वच्छ होती. त्याच्या जिवात जीव आला. बाई म्हणाल्या, "बरं वाटतंय आज. सुटल्यासारखं."

दुसऱ्या सकाळी त्या आपल्या घरी खुर्चीत बसल्या जागी गेलेल्या आढळल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. वयही झालं होतं. सगळ्या गावाने हळहळ केली आणि इंजिनियरनेही स्वतःला बजावलं की यात वावगं काही नाही, अशी माणसं रोज जातात. पण त्या दुपारी गाडी आली तेव्हा आणखी कोणी ताठ उतरतंय का, हे तो बघत उभा राहिला.

५

मग त्याने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. पंखाच्या सांध्यात तडा असल्याचा संशय आहे, असं सांगून गाडी जमिनीवर ठेवली. तसा अधिकार त्याला होता आणि त्याच्या शब्दावर शंका घ्यायचं कॅप्टनच्या मनात येणं शक्य नव्हतं.

सकाळी प्रतीक्षालयात प्रवासी जमले. उड्डाण रद्द झाल्याची घोषणा झाली. इंजिनियर काचेमागे उभा राहून आरडाओरड्याची वाट बघत होता. कोणी काही बोललं नाही. कोणी उठलंही नाही. सगळे खुर्च्यांवर बसून राहिले, नकाशाच्या भिंतीकडे तोंड करून. त्याने बाहेर येऊन समजावलं की आज काही गाडी नाही, घरी जा. लोकांनी मान डोलावली आणि बसून राहिले. त्या हॉलमधे एक बारीक आवाज भरून राहिला होता. उंदीर लाकूड कुरतडतो तसा, पण सगळीकडून. तो कान देऊन ऐकत मधे उभा राहिला, तेव्हा त्याला कळलं. बसलेल्या प्रत्येकाची बोटं गुडघ्यांवर चालत होती. कापडावर नखं घासली जात होती. विमावाला एकीकडे त्याच्याशी उन्हाळ्याबद्दल बोलत होता आणि दोन्ही हातांनी आपली मांडी ओरखडत होता.

गाडी पलीकडे पोचायची वेळ झाली तेव्हा ते सगळे एकदम उठले आणि आपापल्या घरी गेले.

कंपनीच्या मुख्य कचेरीने दुसरा इंजिनियर पाठवला. त्याला तडा सापडला नाही, सापडणारही नव्हता. गाडी पुन्हा उडू लागली आणि जाब द्यायला इथल्या इंजिनियरला दोन दिवस कचेरीत बोलावलं. तिथल्या साहेबाने फार ताणलं नाही. थकला आहात, रजा घ्या, एवढं म्हणाला. इंजिनियरला स्वतःलाही ते पटायला लागलं होतं. माती म्हणजे माती. आपण राईचा पर्वत केला असेल. परतीच्या वाटेवर त्याने मुलीसाठी खडूंची पेटी घेतली.

६

मुलगी आठ वर्षांची. एका जागी बसायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तो घरात शिरला तेव्हा भिंगरी सोफ्यावर आडवी पडून छताकडे बघत होती. आज शाळेला सुट्टी होती, बायको आतून सांगत होती, दवाखान्याचा दिवस होता म्हणून तिलाही घेऊन गेले होते, आजीला भेटवून आणलं.

 त्याने भिंगरीला उचलून बेसिनपाशी नेलं, स्टुलावर उभं केलं आणि तिचे हात पाण्याखाली धरले. इवल्या नखांतून पिवळी माती सुटून वाहू लागली. एका बोटाला फोड येऊन फुटली होती.

"कुठे खेळलीस गं एवढी?"

"खेळले नाही. काम होतं."

"कसलं काम, बाळा?"

"माझं छोटंसंच आहे, बाबा. आईच्या शेजारी." तिने जांभई दिली. "आईचं आता होत आलंय."

"काय होत आलंय?"

तिने कपाळाला आठ्या घातल्या. शब्द जिभेवर आहे आणि येत नाही, असं तिचं झालं. मग साबणाचा एक फुगा बेसिनच्या कडेवरून वर चढला, त्याच्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने विचारलं, "बाबा, तू काय म्हणालास?"

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती हसून म्हणाली की मुलांच्या डोक्यात काय काय येतं. पण तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

त्या रात्री त्याने तिला विनवलं की आता जाऊ नकोस. भिंगरीला तर नाहीच, पण तूही नको. तिने आधी थट्टेवारी नेलं. तिकडे माणसं तोंडं उघडून बसलीत माझी वाट बघत, म्हणाली. तो हसला नाही. तेव्हा ती अगदी साध्या आवाजात बोलली.

"मला जायला हवं रे. थोडंच राहिलंय."

काय राहिलंय, हे तिला सांगता आलं नाही. विचारून विचारून त्याने हात टेकले आणि म्हणाला, मग मी बरोबर येतो.

७

भिंगरीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. सकाळी त्याने स्वतः चाकं धुतली, फडक्याने कोरडी केली आणि डाव्या बाजूची अशी खिडकी धरली जिथून चाक समोर दिसतं. बायको शेजारी बसली. गाडी उडाली.

त्याने ठरवलं होतं की नजर हलवायची नाही. बाहेर काहीही असो, आपण चाकाकडे बघायचं. काळं, कोरडं, धुतलेलं चाक वाऱ्यात हळूहळू फिरत होतं. खाली ढगांचा पातळ थर होता आणि त्याच्या फटींतून खडक. बायकोने एकदा विचारलं, काय बघतोस एवढं. चाक बघतोय, तो म्हणाला. प्रवासातसुद्धा नोकरी, ती पुटपुटली. इंजिनांचा आवाज एकसारखा होता. आयुष्यभर ऐकलेला आवाज. त्यात किंचित फरक पडला असता तरी त्याला कळलं असतं. फरक पडला नाही. त्याने पापणी लवू दिली नाही म्हटलं तरी चालेल. चाक स्वच्छ होतं, स्वच्छ होतं, स्वच्छ होतं, आणि ते मातीने भरलेलं होतं.

मधे काही नव्हतं. तो दचकलाही नाही, कारण दचकायला जे घडावं लागतं ते घडलेलंच नव्हतं. फक्त चाकाच्या खाचांतून ओल्या पिवळ्या गुठळ्या सुटून मागे उडत होत्या.

मग हात दुखू लागले. त्याने मांडीकडे बघितलं. दहाही नखांत माती होती, बोटांच्या टोकांना रक्त. शर्टाच्या बाह्या कोपरांपर्यंत दुमडलेल्या होत्या. बायको शेजारी धापा टाकत होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. साऱ्या विमानात धापांचा आवाज होता. हळूहळू तो शांत झाला.

त्याने कपाळ काचेला टेकून मागे बघितलं. शेपटाखाली ढगाला एक भोक पडलं होतं. काळ्या खडकाच्या मधोमध पिवळा पट्टा होता, धावपट्टीएवढा लांब, आणि त्याच्या कडेने खड्डे. ओळीने खणलेले, एकाच मापाचे, माणूस आडवा मावेल एवढे. टोकाकडच्या काहींवर मातीचे उंचवटे चढवलेले होते. अलीकडे एक खूप खोल होता, तळ दिसत नव्हता. त्याच्याशेजारी एक लहान. आणि त्यापुढे एक नुसता उकरलेला, ओंजळ दोन ओंजळी माती काढलेला, ताजा.

ढग मिटला. त्याने घड्याळ बघितलं. सगळं वेळेवर होतं.

८

सासूबाईंच्या घरी त्याने बायकोला आपले हात दाखवले. स्वतःच्या हातांना तिने शंभर कारणं दिली होती, पण त्याचे हात बघून तिला रडू फुटलं. परत जाताना दोघं रस्त्याने गेली. दोन दिवस बसमधे ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. पलीकडचा दवाखाना तिने बंद केला आणि गाडीत पाऊल टाकायचं नाही असं घरात ठरलं.

एवढ्यावर भागेल असं त्याला वाटलं होतं. पण रोज सकाळी गाडी मध्यावर पोचायच्या सुमारास बायको हातातलं काम सोडून बसायची आणि तिची बोटं ओट्याच्या फरशीवर चालू लागायची. भिंगरीची वर्गात बाकावर चालायची. शाळेतून चिठ्ठी आली होती. नखं घरात बसूनसुद्धा पिवळी होत होती. एका सकाळी बायकोची बोटं पुसायला तो ओला रुमाल घेऊन बसला आणि त्याला दिसलं की ती कालच्यापेक्षा कमी मळली आहेत. काम उरकत आल्यासारखी. शाळेच्या बाई त्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

त्याच दिवशी त्याने कॅप्टनला सांगितलं की उद्यापासून मी रोज बरोबर येणार, इंजिनांचा आवाज नीट वाटत नाही. कॅप्टन बोटं पँटला चोळत ऐकत होता. "बस," एवढंच म्हणाला.

मग रोजचं सुरू झालं. गाडी जमीन सोडायची आणि तो डोळे मिटून, खणणारे हात खड्डे बुजवतीलही या आशेवर, एकच गोष्ट मनाशी घोकायचा. त्या दोघींचे बुजव. आपला राहू दे. त्या दोघींचे बुजव. पुढे आपल्याला काही आठवणार नाही, आपले हात कोणाचं ऐकतील हेही ठाऊक नाही, हे त्याला कळत होतं. पण ओठांवर तेच वाक्य ठेवून तो तिथवर जायचा. मग चाक मळलेलं असायचं, बोटं ठणकत असायची, आणि तो मागे वळून ढगात फट शोधायचा.

पुष्कळ दिवस फट मिळाली नाही. मिळाली तेव्हा खोल खड्ड्याचा तळ दिसत होता. आणखी काही दिवसांनी तो गुडघाभर उरला होता. लहान तर जमिनीच्या पातळीला आला होता, उंचवटा न चढता, सपाट. त्या संध्याकाळी भिंगरीचे हात त्याने दिव्याखाली धरून बघितले. नखं गुलाबी होती. ती हात सोडवून घेऊन घरभर पळाली, दोनदा दारावर आपटली आणि खोटं खोटं रडली. बायको ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती आणि तिची बोटं सुरी चालवण्याशिवाय कशासाठीही हलत नव्हती. तो खुर्चीत बसून दोघींकडे बघत राहिला. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

थांबता मात्र येत नव्हतं. एकदा तापामुळे तो दोन दिवस घरी राहिला, तर तिसऱ्या दिवशी भरलेली माती खचलेली दिसली आणि बायकोच्या नखांत पुन्हा पिवळं आलं. तेव्हापासून त्याने रजा घेतली नाही. विमावाला असाच एक दिवस ताठ उतरला आणि पुन्हा दिसला नाही. त्याच्या जागी दुसरे आले. मावशी झाडत राहिल्या.

आपल्या खड्ड्याकडे त्याने मुद्दाम लक्ष दिलं नव्हतं. आपण त्याला हात लावत नाही, म्हणजे तो ओंजळभरच असणार, असं त्याने धरून चाललं होतं. मग एका स्वच्छ सकाळी ढगच नव्हते. खडक, पट्टा, ओळी, सगळं उन्हात लख्ख पडलं होतं. बायकोचा बुजलेला, भिंगरीचा बुजलेला. तिसरा छातीइतका खोल होता.

आणि त्यात कोणीतरी होतं.

वाकून, दोन्ही हातांनी माती उपसून काठावर ठेवत होतं. घाई नव्हती. एक ओंजळ, मग दुसरी, नीट थापून. गाडी वर आली होती, दूर चालली होती, तरी त्याने मान वर केली नाही. इंजिनियरने वळून सीटा बघितल्या. एकही रिकामी नव्हती. पुढे कॅप्टनची मान दिसत होती. त्याने पुन्हा काचेला कपाळ टेकलं. खालच्या माणसाच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, बाह्या कोपरांपर्यंत दुमडलेल्या. इंजिनियरने आपल्या अंगावरच्या निळ्या चौकड्यांकडे बघितलं आणि हळूच बाह्या खाली सोडल्या.

त्या दिवशी घरी पोचल्यावर बायकोने विचारलं की आज असा पांढरा का पडला आहेस. ऊन लागलं, तो म्हणाला. तिने त्याची बोटं कोमट पाण्यात बुडवली, रोजच्यासारखी एकेक पुसली, पट्ट्या बांधल्या. उद्या एक दिवस जाऊ नकोस, म्हणाली. भिंगरी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती आणि आपल्याशीच गात होती. तो तिच्या हातांकडे बघत बसला, ती झोपेपर्यंत.

सकाळी तो वेळेआधी निघाला. चाकं धुतली, कोरडी केली. खिडकीपाशी बसून पट्टा आवळला. गाडीने जमीन सोडली तसे त्याने डोळे मिटले आणि ओठ हलू लागले. त्या दोघींचे बुजव. त्या दोघींचे बुजव.